डिजिटल कॅमेरा बॅक

डिजिटल कॅमेरा बॅक, अथवा नुसतेच डिजिटल बॅक, हे कॅमेऱ्याच्या पाठीमागे जोडावयाचे एक स्वतंत्र उपकरण होय. पूर्वी ज्या ठिकाणी फिल्मचे मॅगझिन किंवा काचेच्या तबकडीची चौकट बसवीत, त्याच ठिकाणी हे उपकरण बसते आणि लेन्समधून येणारी प्रतिमा फिल्मऐवजी प्रकाशसंवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, टिपते. जाहिरात, दागिने, वस्त्रे, खाद्यपदार्थ, वास्तू तसेच चित्रे व हस्तलिखिते यांच्या प्रतिकृती अशा व्यावसायिक स्टुडिओ-छायाचित्रणात त्याचा प्रामुख्याने उपयोग केला जातो. उपकरण महाग असते, त्याची दुरुस्ती सर्वत्र होत नाही आणि एकदा घेतल्यावर कॅमेरा, लेन्स, संगणकीय प्रणाली व साठवण या सर्वांची निवड त्याच्याशी बांधली जाते. त्यामुळे बॅकची निवड हा व्यावसायिक छायाचित्रकारासाठी भांडवली निर्णय ठरतो.

संज्ञा

मराठीत या उपकरणाला रूढ असा पर्यायी शब्द नाही. 'अंकीय पृष्ठ' हा शब्द घडविता येतो, परंतु स्टुडिओत काम करणारे कारागीर 'बॉडी', 'लेन्स' आणि 'बॅक' असेच म्हणतात. प्रस्तुत लेखात तोच शब्द वापरला आहे. 'मीडियम फॉरमॅट' म्हणजे मध्यम आकाराची चौकट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या ३६ × २४ मिलिमीटर चौकटीहून ती मोठी आणि पत्रा-फिल्मच्या ४ × ५ इंची चौकटीहून लहान असते. बहुतेक डिजिटल बॅक याच वर्गातील कॅमेऱ्यांसाठी तयार झाले.

रचना व कार्य

बॅकमध्ये संवेदक, त्यापुढील अवरक्त किरणांची गाळणी, विद्युतसंकेतांचे अंकांत रूपांतर करणारे मंडल, पडदा, विजेरी आणि स्मृतिपत्र अथवा संगणकाची तार जोडण्याची सोय असते. लेन्स, शटर आणि दृश्यदर्शक मात्र कॅमेऱ्याचेच राहतात. या विभागणीचा मोठा लाभ असा की, संवेदक जुना झाला तरी कॅमेरा व लेन्स टाकून द्यावी लागत नाहीत. तोटाही त्यातूनच उद्भवतो. दोन वेगवेगळ्या काळांतील यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी लागते आणि संवेदकाची पातळी पूर्वीच्या फिल्मच्या पातळीशी केसभरही ढळून चालत नाही.

संवेदकाला स्वतःला रंग कळत नाही. त्याला केवळ प्रकाशाचे प्रमाण कळते. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर तांबडी, हिरवी किंवा निळी यांपैकी एक गाळणी बसविलेली असते. चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक तांबडा व एक निळा अशी ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे एकस्व १९७६ साली मिळाले. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून गणिताने अनुमानिले जातात. हे अनुमान बहुतेक वेळा बिनचूक ठरते. ते कोठे चुकते, हे स्टुडिओने आवर्जून समजून घ्यावे, कारण वस्त्रांच्या छायाचित्रणात नेमके तेथेच अडते.

इतिहास

१९९१ साली लीफ कंपनीने डीसीबी-१ हा बॅक आणला. तो चाळीस लाख पिक्सेलांचा होता आणि आकारामुळे त्याला 'वीट' असे टोपणनाव पडले. त्यातील संवेदक एकरंगी असल्याने लेन्सपुढे गाळण्यांचे चक्र फिरवून एकाच वस्तूची तीन छायाचित्रे घ्यावी लागत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली रंगीत छायाचित्राचे जे तत्त्व दाखविले, तेच येथे संगणकाच्या साहाय्याने पुन्हा वापरात आले. साहजिकच हा बॅक केवळ निर्जीव, निश्चल वस्तूंसाठी उपयोगी होता.

त्याच दशकात 'स्कॅनिंग बॅक' हा प्रकार प्रचारात आला. यात तीन रंगांच्या अरुंद पट्ट्या यंत्राने सरकत जाऊन पूर्ण प्रतिमा काही मिनिटांत वाचतात. प्रत्येक बिंदूचे तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजले जात असल्याने संग्रहालयांनी हा प्रकार पुष्कळ काळ जपला. फ्लॅश मात्र त्याला चालत नाही. स्थिर, अखंड प्रकाशच हवा.

डेन्मार्कमधील फेज वन कंपनी १९९३ साली स्थापन झाली. २००४ साली स्वीडनच्या हॅसलब्लाडने डेन्मार्कच्याच इमाकॉन कंपनीशी एकत्रीकरण केले. एकाच वेळी चित्र टिपणारे बॅक या काळात स्थिरावले आणि त्यांची क्षमता वेगाने वाढली. फेज वनचा २००८ सालचा पी६५+ हा बॅक सुमारे ६ कोटी पिक्सेलांचा होता व त्याचा संवेदक ६४५ फिल्मच्या पूर्ण चौकटीजवळ पोहोचला. २०११ साली ८ कोटी पिक्सेलांचा आयक्यू१८० आला. हे सर्व सीसीडी जातीचे संवेदक होते. २०१४ सालच्या आयक्यू२५० पासून सीमॉस जातीचा संवेदक या वर्गात शिरला आणि पडद्यावर जिवंत प्रतिमा पाहून फोकस करणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. २०१८ साली १५ कोटी पिक्सेलांचा आयक्यू४ जाहीर झाला. हॅसलब्लाडने जुन्या व्ही मालिकेसाठी २०१९ साली ५ कोटी पिक्सेलांचा सीएफव्ही २ ५०सी आणि जानेवारी २०२४ मध्ये १० कोटी पिक्सेलांचा सीएफव्ही १००सी आणला.

यादरम्यान बॅक व कॅमेरा एकजीव असलेले मध्यम चौकटीचे कॅमेरेही स्वस्त झाले. पेंटॅक्स ६४५झेड २०१४ साली आणि फुजीफिल्मची जीएफएक्स मालिका २०१७ पासून बाजारात आहे. यांना बॅक म्हणता येत नाही, पण आज बॅक घेऊ पाहणाऱ्याला त्यांचा विचार टाळता येत नाही.

गरज आहे काय?

निवडीची चर्चा सहसा कोणता बॅक, या प्रश्नापासून सुरू होते. त्याआधीचा प्रश्न बॅक हवा की नको, हा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीत, पीर बाजार वा स्टेशन रस्त्यालगतच्या दुकानगाळ्यात चालणाऱ्या स्टुडिओचे बहुतेक काम ओळखपत्राची छायाचित्रे, लग्नकार्ये, मुलांचे वाढदिवस आणि अधूनमधून एखाद्या दुकानाची वस्तुसूची असे असेल, तर त्यास बॅकची गरज नाही. ए४ आकाराचे पूर्ण पान प्रति इंच ३०० बिंदूंनी छापण्यास २४८० × ३५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल लागतात. २ कोटी ४० लाख पिक्सेलांचा साधा ३५ मिलिमीटर कॅमेरा ते सहज देतो.

मोठ्या फलकासाठी मोठा संवेदक लागतो, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. क्रांती चौकात २० × १० फुटांचा फ्लेक्स लावायचा झाल्यास तो रस्त्यापलीकडून पाहिला जातो. प्रति इंच २५ बिंदू त्याला पुरेसे होतात आणि ६००० पिक्सेल रुंदीचे चित्र तेथे नेमके बसते. फलक जितका मोठा तितका पाहणारा दूर, त्यामुळे पिक्सेलांचा हिशेब पुन्हा तेथेच येतो.

बॅकची खरी गरज तीन ठिकाणी भासते. पहिले, जेथे छापील प्रतिमा जवळून न्याहाळली जाते, उदाहरणार्थ दागिन्यांची पुस्तिका किंवा संग्रहालयाचे प्रकाशन. दुसरे, जेथे कॅमेऱ्याची पाठ व लेन्स परस्परांशी तिरकी वा सरकती करून यथादर्शन सुधारावे लागते, म्हणजे वास्तू आणि वस्तू-छायाचित्रण. तिसरे, जेथे पोत आणि रंग हीच विक्रीची वस्तू असते. मराठवाड्यात हे तिसरे क्षेत्र सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण पैठणी आणि हिमरू ही दोन्ही वस्त्रे येथलीच.

विणीवर उमटणारे लहरीपट्टे

मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की त्यांत मूळ जाळीत नसलेले वळसे दिसू लागतात. वस्त्राच्या धाग्यांची जाळी आणि संवेदकाच्या पिक्सेलांची जाळी यांचेही तसेच होते. या दोषाला मॉयरे अथवा लहरीपट्टे म्हणतात. साध्या कॅमेऱ्यांत प्रतिमा किंचित मऊ करणारी गाळणी बसवून तो कमी करीत. मध्यम चौकटीच्या बॅकमध्ये तीक्ष्णता टिकावी म्हणून ही गाळणी बहुधा नसते. म्हणजे उपकरण महाग आणि या एका दोषाबाबत अधिक नाजूक, अशी विचित्र स्थिती आहे.

हिशेबाने हे अधिक स्पष्ट होते. समजा, एक मीटर रुंदीचे वस्त्र चौकटीच्या लांब बाजूत पूर्ण बसविले आणि त्यात एका सेंटिमीटरला ४० धागे आहेत. दोन धाग्यांतील अंतर २५० मायक्रोमीटर झाले. ६००० पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्यात एका पिक्सेलच्या वाट्याला वस्त्राचे १६७ मायक्रोमीटर येतात, म्हणजे एका धाग्याला दीडच पिक्सेल मिळतो. नमुना घेण्याच्या नियमानुसार किमान दोन लागतात. त्यामुळे वीण दिसणार नाही आणि तिच्या जागी खोटी नक्षी उमटेल. ८२७२ पिक्सेल रुंदीच्या ५ कोटींच्या बॅकमध्ये हे प्रमाण २.१ वर येते, ही काठावरची स्थिती झाली. ११,६५६ पिक्सेल रुंदीच्या १० कोटींच्या बॅकमध्ये ते २.९ आणि १४,२०४ पिक्सेल रुंदीच्या १५ कोटींच्या बॅकमध्ये सुमारे ३.५ होते.

येथे कोणी म्हणेल, मग दीडशे मेगापिक्सेलांत प्रश्न सुटला. तो अर्धाच सुटतो. बायर मांडणीत तांबडा व निळा हे रंग प्रत्येक दुसऱ्याच पिक्सेलवर मोजले जातात. रंगाच्या बाबतीत प्रत्यक्ष नमुने निम्मेच असल्याने धाग्याला चार पिक्सेल तरी हवेत. साडेतीन मिळाले तर वीण स्पष्ट दिसेल, पण तिच्यावर हिरवट-जांभळे पट्टे फिरतील. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाँव वस्त्रावर हे पट्टे अधिकच घातक ठरतात. वस्त्राचा स्वतःचा रंग कोनागणिक बदलत असल्यामुळे खरा बदल कोणता आणि दोषाचा कोणता, हे नंतर संगणकावर ओळखता येत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला बिनखर्चाचा आहे. अंतर, लेन्स किंवा वस्त्राचा कोन किंचित बदलून पाहावा आणि प्रत्येक वेळी पडद्यावर प्रतिमा शंभर टक्के मोठी करून तपासावी. छोट्या केलेल्या प्रतिमेत दिसणारे पट्टे पुष्कळदा पडद्याच्याच पिक्सेलांमुळे दिसतात व मूळ चित्रात ते नसतात. त्यावरून घाबरून चित्र टाकून देऊ नये. लेन्सचे छिद्र एफ/१६ किंवा एफ/२२ इतके लहान करणे हाही एक जुना तोडगा आहे. एफ/१६ ला हिरव्या प्रकाशाचा विवर्तनबिंदू सुमारे २१ मायक्रोमीटर व्यासाचा होतो, तर नव्या बॅकमधील पिक्सेल ३.७६ मायक्रोमीटरचा असतो. पट्टे जातात, पण मोजून घेतलेली तीक्ष्णताही त्यांच्याबरोबर जाते.

दुसरा मार्ग बहुछाया पद्धतीचा, म्हणजे मल्टी-शॉट बॅकचा. यात संवेदक एकेका पिक्सेलच्या अंतराने सूक्ष्म यंत्रणेद्वारे सरकवून चार छायाचित्रे घेतली जातात. त्यामुळे प्रत्येक बिंदूवर तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजले जातात, अनुमानाची गरज उरत नाही आणि रंगीत पट्टे मुळातच निर्माण होत नाहीत. सिनार व हॅसलब्लाड यांनी ही पद्धत दीर्घकाळ विकसित केली. हॅसलब्लाडचा २०१८ सालचा एच६डी-४००सी सहा छायाचित्रांतून ४० कोटी पिक्सेलांची प्रतिमा घडवितो. फुजीफिल्मच्या जीएफएक्स १०० मध्ये २०२० साली प्रणाली अद्ययावत करून अशीच सोय देण्यात आली. केवळ वस्त्रे व प्रतिकृती यांचे काम करणाऱ्या स्टुडिओने पिक्सेलांची संख्या पाहण्यापूर्वी ही सोय पाहावी.

तिच्या अटी मात्र कडक आहेत. चारही छायाचित्रांत वस्तू आणि प्रकाश यांत तिळमात्र फरक चालत नाही. टांगलेली पैठणी छताच्या पंख्याच्या वाऱ्याने हलते, म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. रस्त्यावरून अवजड वाहन गेले की तळमजल्यावरची तिपाई थरथरते. विजेचा दाब खालीवर झाला तर साध्या फ्लॅशच्या चार ठिणग्या सारख्या पडत नाहीत आणि प्रतिमेत जाळीदार ठिपके येतात. दाबनियंत्रक आणि ठिणगीगणिक समान प्रकाश देणारे दिवे हा म्हणूनच बॅकच्या खर्चाचाच भाग समजावा. वस्त्र टांगण्याऐवजी आडव्या फळीवर पसरून वरून छायाचित्र घेतल्यास निम्म्या अडचणी कमी होतात.

रंगाचा खरेपणा

पैठणीच्या ग्राहकाला रंग नावाने माहीत असतो. मोरपंखी, राणी, आमसुली, अंजिरी, कुंकवाचा लाल या प्रत्येक नावाची एक छटा त्याच्या डोळ्यांसमोर असते. छायाचित्रातला आमसुली घरी आल्यावर वांगी निघाला, तर साडी परत येते आणि विणकराचे अनेक आठवड्यांचे काम पडून राहते. पैठणीस २०१० च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन अस्सलपणाची कायदेशीर खूण देते, पण दूर बसलेल्या ग्राहकासमोर अस्सलपणा पोहोचविण्याचे काम छायाचित्रालाच करावे लागते.

बॅकच्या जाहिरातीत '१६ बिट रंग' असा उल्लेख असतो. प्रत्येक रंगाच्या ६५,५३६ पायऱ्या नोंदविण्याची ही क्षमता होय. सावलीतील बारीक छटा राखण्यास ती उपयोगी पडते, परंतु तिच्यामुळे रंग आपोआप खरा ठरत नाही. त्यासाठी दिव्याचा वर्णपट, संवेदकावरील गाळण्या आणि रूपांतर करणारी प्रणाली यांचा मेळ लागतो. प्रत्यक्षात २४ चौकटींचा प्रमाणित रंगफलक त्याच प्रकाशात टिपून, त्यावरून त्या दिव्यांपुरती रंगरूपरेषा तयार करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. प्रतिकृती-छायाचित्रणासाठी आयएसओ १९२६४ हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध असून त्यात रंगातील फरक आकड्याने मोजला जातो. बॅक विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे आपल्याच दिव्यांखाली, आपल्याच वस्त्रावर चाचणी मागावी. नमुन्यादाखल दाखविलेल्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांवरून याचा अंदाज येत नाही.

वस्त्रांच्या बाबतीत आणखी एक अडचण विशेष आहे. अनेक कृत्रिम रंग अवरक्त किरण परावर्तित करतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, संवेदकाला दिसतात. बॅकमधील अवरक्त गाळणी क्षीण असेल, तर काळे पॉलिस्टर तपकिरी-जांभळे उमटते आणि शेजारचे काळे रेशीम काळेच राहते. एक काळा धागा व एक काळे अस्तर चाचणीच्या वेळी सोबत न्यावे, ही साधी काळजी पुरेशी आहे.

जरीचा प्रश्न प्रकाशयोजनेचा आहे, बॅकचा नाही. तथापि त्याबाबत चुकीचा सल्ला फार दिला जातो. दिव्यांवर आणि लेन्सवर परस्परांस काटकोनात ध्रुवीकरण गाळण्या लावल्या की तैलचित्रावरील चकाकी नाहीशी होते, आणि तीच युक्ती वस्त्रांवर वापरतात. रेशमाचा रंग त्याने गडद व स्वच्छ येतो, पण जर मेलेली, मातकट दिसते. पैठणीच्या पदरावर सोन्यासारखी झळाळणारी जमीन हीच तर तिची ओळख. गाळणी अर्धवट फिरवून किंवा एक दिवा गाळणीविना तिरका ठेवून जरीची झळाळी राखता येते.

जिल्ह्यातील अजिंठ्याच्या चित्रांचा इतिहास पाहिला म्हणजे प्रतिकृतीतल्या रंगाचे महत्त्व लक्षात येते. रॉबर्ट गिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केलेल्या तैलरंगातील प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या लंडनमधीलच आगीत गेल्या. पुढे हैदराबाद संस्थानाने गुलाम याझदानी यांच्या संपादनाखाली १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रणावर आधारलेले रंगीत व एकरंगी प्रतिकृतींचे खंड प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी अत्यल्प प्रकाशात फिल्मवर ही चित्रे टिपली. गुंफांमध्ये फ्लॅशला मनाई आहे. मंद प्रकाशातील दीर्घ उद्घाटनाची अशी कामे सीमॉस संवेदकाचे बॅक जुन्या सीसीडी बॅकपेक्षा पुष्कळ चांगली करतात. स्टुडिओत, भरपूर फ्लॅशखाली आणि कमीत कमी संवेदनशीलतेवर, हा फरक जवळजवळ उरत नाही.

संवेदकाचा आकार आणि स्टुडिओची खोली

आजचे बॅक मुख्यतः दोन आकारांत मिळतात. सुमारे ४४ × ३३ मिलिमीटर आणि सुमारे ५४ × ४० मिलिमीटर. हॅसलब्लाडच्या व्ही मालिकेची मूळ फिल्म-चौकट ५६ × ५६ मिलिमीटर होती. तिच्यावर लहान संवेदक बसविला की जुनी लेन्स अधिक 'लांब' होते. कागदावर किरकोळ वाटणारी ही बाब लहान जागेत निर्णायक ठरते.

८० मिलिमीटर लेन्सने उभ्या माणसाचे, वर-खाली मोकळी जागा धरून २.१ मीटर उंचीचे दृश्य घ्यायचे असल्यास, फिल्मवर कॅमेरा सुमारे ३.१ मीटर दूर लागे. ४४ × ३३ चा संवेदक आडवा ठेवल्यास तेच अंतर ५.२ मीटर होते. कॅमेरा उभा फिरविला तर ३.९ मीटर पुरतात, पण वरून पाहण्याच्या दृश्यदर्शकाने आडव्या केलेल्या कॅमेऱ्यातून पाहणे त्रासाचे असते. पार्श्वपडदा, त्याच्या व माणसाच्या मधले अंतर आणि छायाचित्रकाराची जागा धरली तर वीस फुटांचा गाळा येथे अपुरा पडतो. अशा स्टुडिओने एक तर ५० मिलिमीटरसारखी रुंद लेन्स हिशेबात धरावी, नाही तर बॅकऐवजी एकजीव कॅमेरा घ्यावा.

कॅमेरा, लेन्स आणि शटर

बॅक ज्या जोडणीचा घेतला त्याच कॅमेऱ्यावर तो बसतो. हॅसलब्लाड व्ही, हॅसलब्लाड एच, मामिया-फेज वन ६४५ आणि काँटॅक्स ६४५ या प्रमुख जोडण्या होत. मामिया आरबी६७ व आरझेड६७ या कॅमेऱ्यांवर मध्यस्थ पट्टी लावून काही बॅक चालतात. सीएफव्ही १००सी हा १९५७ पासूनच्या बहुतेक व्ही कॅमेऱ्यांवर तारेविना चालतो. इतर काही बॅकना लेन्सच्या फ्लॅश-जोडापासून तारेने संकेत द्यावा लागतो, आणि ती तार सैल झाली की चित्रे कोरी येतात.

जुन्या कॅमेऱ्यात दृश्यकाचेवर स्पष्ट दिसणारे चित्र संवेदकावर स्पष्ट असेलच असे नाही. आरसा, काच व पाठ यांत वर्षानुवर्षांच्या वापराने शंभरांश मिलिमीटरचा फरक पडतो. फिल्मच्या जाडीत व बाकात तो लपून जाई, संवेदकावर लपत नाही. पडद्यावरील जिवंत प्रतिमेने फोकस करणे, किंवा कॅमेरा जाणकाराकडून जुळवून घेणे, हेच त्यावरचे उपाय.

लेन्समधील पानशटर हे या वर्गाचे मोठे बलस्थान आहे. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांत फ्लॅशचा मेळ बहुधा १/२०० ते १/२५० सेकंदापर्यंतच बसतो. व्ही मालिकेच्या लेन्समध्ये तो १/५०० पर्यंत, तर फेज वनच्या पानशटर लेन्समध्ये १/१६०० पर्यंत बसतो. खिडकीतून ऊन येणाऱ्या स्टुडिओत त्यामुळे बाहेरचा प्रकाश सहज दाबता येतो. संवेदकाचे विद्युत-शटर मात्र फ्लॅशसाठी गृहीत धरू नये. मोठा संवेदक ओळीओळीने वाचला जात असल्याने क्षणिक ठिणगी चौकटीच्या काही भागावरच पडते.

पाठ व लेन्स सरकविता येणाऱ्या तांत्रिक कॅमेऱ्यावर बॅक लावल्यास कडेला रंगाची झाक येते, कारण किरण संवेदकावर तिरके पडतात. प्रत्येक स्थितीत एक पांढरी अर्धपारदर्शक पट्टी लेन्ससमोर धरून चित्र घ्यावे व प्रणालीत तिच्या आधारे झाक काढावी.

प्रणाली, साठवण आणि खर्च

फेज वनच्या फाइलींसाठी कॅप्चर वन आणि हॅसलब्लाडच्या फाइलींसाठी फोकस या प्रणाली उत्पादकांनीच विकसित केल्या. यांपैकी ज्या प्रणालीत हात बसला आहे, ती बॅकच्या निवडीत आकड्यांइतकीच महत्त्वाची ठरते. ग्राहक शेजारी बसून पडद्यावर साडी पाहतो, तेव्हा तारेने जोडलेली प्रतिमा तत्काळ व योग्य रंगात येणे हे स्टुडिओचे रोजचे काम असते.

१५ कोटी पिक्सेलांची १६ बिट टिफ फाइल सुमारे ९०० मेगाबाइटची, तर ४० कोटींची सुमारे २.४ गिगाबाइटची होते. एका साडीचे पदर, काठ, अंग व तपशील मिळून सहा चित्रे आणि अशा शंभर साड्या घेतल्या, प्रत्येक मूळ फाइल २०० मेगाबाइट धरली, तर एका कामाचे १२० गिगाबाइट झाले. त्याच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात. जुना संगणक या ओझ्याखाली थांबतो. तेव्हा त्याचा खर्चही आरंभीच मांडावा.

किमतींतील दरी मोठी आहे. फेज वन आयक्यू४ १५० ची संपूर्ण संच म्हणून २०१८ सालची किंमत सुमारे ५२ हजार डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३६ लाख रुपये. सीएफव्ही १००सी ९०७एक्स बॉडीसह २०२४ साली ८,१९९ डॉलरला, म्हणजे सुमारे पावणेसात लाख रुपयांना आला. भारतात येताना कर वेगळे. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. नियमित नोंदणी असलेल्या स्टुडिओला या कराची वजावट मिळू शकते, तडजोड योजनेतील व्यावसायिकाला मिळत नाही. लहान व्यवसायासाठी हा फरकच लाखाच्या घरात जातो. वर्षातून दोन-चार वेळाच असे काम येत असेल, तर मुंबई वा पुण्याहून बॅक दिवसभाड्याने आणणे अधिक व्यवहार्य ठरते. भाड्याचा एक दिवस चाचणीसाठी आणि दुसरा कामासाठी, असे दोन दिवस धरावेत.

वापरलेला बॅक घेताना

एकेकाळी लाखोंना विकले गेलेले २ ते ४ कोटी पिक्सेलांचे सीसीडी बॅक आज अल्प किमतीत मिळतात. कमी संवेदनशीलतेवर आणि फ्लॅशखाली त्यांची चित्रे अजूनही उत्तम येतात. घेण्यापूर्वी मात्र काही गोष्टी पाहाव्यात. संगणकाशी जोडणी फायरवायरची असेल, तर आजच्या संगणकांवर ते द्वारच नसते. विजेरी अद्याप बनते की नाही, हे विचारावे. संवेदकाच्या काचेवर ओरखडा किंवा बुरशी आहे का, हे पांढऱ्या पृष्ठभागाचे एफ/२२ ला चित्र घेऊन पाहावे. ठिपके पुसून जात असतील तर ती धूळ, न गेल्यास व्यवहार सोडावा. सीसीडीचा संवेदक दोन वा अधिक भागांत वाचला जात असल्यास चौकटीच्या मध्यावर एक उभी सीमारेषा दिसू शकते. राखाडी पार्श्वपडद्याच्या चित्रात ती लगेच कळते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि जुने बॅक तापले की सावल्यांत ठिपके वाढतात. म्हणून चाचणी सकाळच्या गारव्यात न घेता बॅक तासभर चालू ठेवल्यानंतर घ्यावी. शेवटी, बॅकचा अनुक्रमांक उत्पादकाला कळवून तो चोरीचा नाही आणि त्याची दुरुस्ती अद्याप स्वीकारली जाते, या दोन्ही गोष्टींचे लेखी उत्तर पैसे देण्यापूर्वी मिळवावे.